मोठ्या आकाराच्या कॅमेऱ्यात अनंत-केंद्रीकरणाची निश्चिती

लहान कॅमेऱ्यात भिंगाचे बूड व फिल्मचे प्रतल यांमधील अंतर कारखान्यातच ठरवून दिलेले असते. भिंगाच्या कड्यावरील ‘अनंत’ या खुणेवर उपयोग करणाराने विश्वास ठेवावयाचा, एवढेच त्याच्याकडे उरते. ४ × ५ इंच किंवा त्याहून मोठ्या फिल्मवर काम करणाऱ्या कॅमेऱ्याची गोष्ट निराळी आहे. त्यात भिंग एका सुट्या फलकावर बसविलेले असते, तो फलक रुळांवरून मागेपुढे सरकणाऱ्या चौकटीत अडकविलेला असतो, आणि चौकट व मागील दुधी काच यांना जोडणारा दुवा म्हणजे केवळ चामड्याचा वा कापडाचा भाता. अशा कॅमेऱ्यात दूरच्या वस्तूची रेखीव प्रतिमा नेमकी कोठे पडते, हे स्थान प्रत्येक भिंगासाठी स्वतंत्रपणे शोधून कायम करावे लागते. या क्रियेलाच अनंत-केंद्रीकरणाची निश्चिती असे म्हणता येईल. दिसावयास ही क्रिया सोपी आहे. परंतु तीत राहिलेली अर्ध्या मिलिमीटरची चूक पुढे अंतरांच्या मोजपट्टीत, अंतरमापकात आणि अखेरीस प्रत्येक छायाचित्रात उतरते. म्हणून तिच्यामागील प्रकाशकीय तत्त्वे व तिच्या पायऱ्यांचा क्रम यांचा विचार करणे उपयुक्त ठरेल.

‘अनंत’ म्हणजे किती दूर?

गणितातील अनंत व छायाचित्रणातील अनंत या दोन भिन्न कल्पना आहेत. अनंत अंतरावरील वस्तूची प्रतिमा भिंगाच्या केंद्रप्रतलात पडते. वस्तू जवळ आली म्हणजे प्रतिमा केंद्रप्रतलाच्या मागे सरकते, आणि ती पुन्हा फिल्मवर आणण्यासाठी भिंग तितकेच पुढे न्यावे लागते. हे सरकणे पुढील सूत्राने मिळते:

सरक = (केंद्रांतर)² ÷ (वस्तूचे अंतर − केंद्रांतर)

येथे वस्तूचे अंतर भिंगापासून मोजलेले आहे. १५० मिमी. केंद्रांतराचे भिंग घेतल्यास १५ मीटरवरील वस्तूसाठी सरक सुमारे १·५ मिमी., १५० मीटरवरील वस्तूसाठी ०·१५ मिमी. आणि एक किलोमीटरवरील वस्तूसाठी केवळ ०·०२ मिमी. येते. ३०० मिमी. भिंगास एक किलोमीटरसाठीच ०·०९ मिमी. लागतात, कारण सरक केंद्रांतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चंद्राचे अंतर सरासरी ३,८४,४०० किमी. धरल्यास १५० मिमी. भिंगासाठी ही सरक अणूच्या व्यासाहूनही लहान भरते. तात्पर्य, चंद्र व तारे हे कोणत्याही छायाचित्रकाराच्या दृष्टीने खरोखरच अनंतावर आहेत. पण गावाबाहेरचा मनोरा तसा आहे की नाही, हे भिंगाच्या केंद्रांतरावर अवलंबून राहते. ०·०२ मिमी. इतकी चूक सोसावयाची असे ठरविले, तर १५० मिमी. भिंगासाठी लक्ष्य सव्वा किलोमीटर दूर असले तरी पुरे, ३०० मिमी. भिंगासाठी ते साडेचार किलोमीटर दूर असावे लागते.

किती चूक सोसता येईल, याचे उत्तर छिद्रांकावरून मिळते. फिल्म केंद्रप्रतलापासून काही अंतराने चुकली तर बिंदूच्या जागी एक लहान वर्तुळ उमटते, आणि त्याचा व्यास म्हणजे ते अंतर भागिले छिद्रांक. ४ × ५ इंची फिल्मसाठी ०·१ मिमी. व्यासाचे वर्तुळ बिंदूसारखे मानण्याची रूढी आहे. त्यानुसार छिद्रांक ५·६ असताना दोन्ही बाजूंस ०·५६ मिमी. चूक खपते, छिद्रांक २२ असताना ही सवलत २·२ मिमी. पर्यंत जाते. यावरून केंद्रीकरणाचा काटेकोरपणा हा अनावश्यक सोस आहे, असे कोणास वाटेल. परंतु ही रूढी फिल्मइतक्याच आकाराच्या छापास अनुलक्षून आहे. तीच फिल्म चौपट मोठी केली की ०·१ मिमी. चे वर्तुळ ०·४ मिमी. होते व डोळ्यास सहज खुपते. भिंगाची खरी क्षमता वापरावयाची असल्यास मर्यादा विवर्तनाने ठरते. ती दोन गुणिले प्रकाशाची तरंगलांबी गुणिले छिद्रांकाचा वर्ग, म्हणजे छिद्रांक ५·६ साठी सुमारे ०·०३५ मिमी. एवढीच आहे. निश्चिती नेहमी भिंग पूर्ण उघडून करावी आणि ध्येय शतांश मिलिमीटरांत ठेवावे, याचे कारण हेच. छिद्र लहान केल्याने मिळणारी सवलत ही विषयाच्या खोलीसाठी राखून ठेवावयाची असते. यंत्रातील दोष झाकण्यासाठी ती खर्च होऊ देऊ नये.

प्रथम दुधी काच, मग भिंग

निश्चितीतील सर्वांत सामान्य प्रमाद म्हणजे भिंगापासून आरंभ करणे. छायाचित्रकार पाहतो ती प्रतिमा दुधी काचेवरील असते आणि उमटते ती फिल्मवरील. या दोन पृष्ठभागांची भिंगापासूनची अंतरे सारखी नसतील, तर काचेवर कितीही काळजीपूर्वक केलेले केंद्रीकरण फिल्मवर चुकीचेच उतरणार. म्हणून काच व फिल्म यांचे जुळणे हीच पहिली पायरी होय.

४ × ५ इंची फिल्म-धारकासाठी अमेरिकन प्रमाणानुसार धारकाच्या पुढील कडेपासून फिल्म ज्या पत्र्यावर टेकते त्या पत्र्यापर्यंतची खोली ०·१९७ इंच असावी व तीत ०·००७ इंचापर्यंत फरक चालावा. फिल्मची स्वतःची जाडी सुमारे ०·००७ इंच असल्याने तिचा पृष्ठभाग कडेपासून सुमारे ०·१९० इंच आत येतो. काचेचा खरखरीत पृष्ठभाग भिंगाकडे असला पाहिजे आणि तो मागील चौकटीच्या टेकणीपासून तितकाच आत असला पाहिजे. सरळ धारेची जाड पट्टी टेकणीवर आडवी ठेवून खोली-मापकाने काचेच्या मध्यावर व चारही कोपऱ्यांजवळ मोजमाप घ्यावे. तसेच मोजमाप एक निरुपयोगी फिल्म भरलेल्या धारकावर घ्यावे. ०·००७ इंच म्हणजे जवळजवळ ०·१८ मिमी. होतात, दोन प्रमाणित धारकांमध्येसुद्धा याच्या दुपटीइतका फरक असू शकतो. ज्यांच्या मोजमापात जवळीक आहे असे धारक निवडून महत्त्वाच्या कामासाठी वेगळे ठेवणे शहाणपणाचे ठरते.

प्रतिमा उजळ दिसावी म्हणून काही कॅमेऱ्यांत दुधी काचेसमोर फ्रेनेल भिंगाची पातळ प्लास्टिक पट्टिका बसवितात. येथे एक सूक्ष्म सापळा आहे. समांतर पृष्ठांच्या पारदर्शक पट्टिकेतून जाताना प्रकाशाचा केंद्रबिंदू मागे सरकतो. प्रणमनांक १·५ असल्यास हे सरकणे जाडीच्या एक-तृतीयांश असते. १·५ मिमी. जाडीच्या पट्टिकेमुळे प्रतिमा सुमारे अर्धा मिमी. मागे जाते, आणि कारखान्याने काचेची जागा त्या हिशेबाने ठरविलेली असते. पुढे कोणी ती ओरखडलेली पट्टिका काढून टाकली आणि काच तिच्याच टेकणीवर बसविली, तर काच १·५ मिमी. पुढे येते, यावयास हवी होती केवळ अर्धा मिमी. राहिलेली एक मिलिमीटरची चूक पत्र्याच्या पातळ पट्ट्या घालून भरून काढावी लागते. रॉचेस्टर येथील ग्राफ्लेक्स कारखान्याच्या कॅमेऱ्यांत एक्टालाइट या नावाची अशी पट्टिका काचेच्या पुढे बसविलेली असे. हे कॅमेरे हातोहात फिरत गेल्यामुळे पट्टिका गेली आणि टेकणी तशीच राहिली, असे आजही आढळते. कॅमेरा विकत घेणारास ही उणीव दिसत नाही. त्याला दिसते ती भिंगाची ‘खराबी’.

जुळणीची अंतिम परीक्षा प्रत्यक्ष फिल्मवरच घ्यावी. एक मोजपट्टी तिरपी ठेवून तिच्या मध्यावरील आकड्यावर केंद्रीकरण करावे व पूर्ण छिद्राने फिल्म घ्यावी. प्रतिमेचा आकार वस्तूच्या दशांश असेल अशा अंतरावर लांबीच्या दिशेतील वर्धन त्याच्या वर्गाइतके, म्हणजे शतांश असते. त्यामुळे काच व फिल्म यांमधील ०·२ मिमी. फरक मोजपट्टीवर २० मिमी. सरकल्यासारखा दिसतो. ज्या आकड्यावर केंद्रीकरण केले तोच रेखीव उमटला, तर पुढे जाण्यास हरकत नाही.

टेकू आणि समांतरता

स्पीड ग्राफिक व क्राउन ग्राफिक हे ग्राफ्लेक्सचे कॅमेरे या विषयाच्या अभ्यासास सोयीचे आहेत. त्यांची पेसमेकर मालिका १९४७ मध्ये निघाली आणि क्राउन ग्राफिकचे उत्पादन १९७३ पर्यंत चालू होते. वृत्तछायाचित्रकाराने पाट उघडावा, भिंगाची चौकट रुळांवरून ओढावी, आणि ती दोन लहान धातूच्या टेकूंना लागली की अनंताचे स्थान आपोआप यावे, अशी त्यांची योजना आहे. त्यानंतरचे सर्व केंद्रीकरण दंतपट्टीच्या चाकाने होते. टेकूंची जागा चुकली तर पट्टीवरील सर्व अंतरे व अंतरमापकाचे सर्व दर्शन त्याबरोबर चुकते.

टेकू दोन असल्यामुळे त्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. दोघांमध्ये अर्धा मिमी. फरक राहिला आणि त्यांच्यातील अंतर ६० मिमी. असले, तर चौकट १२० त १ या प्रमाणात तिरपी बसते. दूरच्या विषयाचे केंद्रप्रतलही तितकेच तिरपे होते. फिल्मच्या मध्यापासून ६० मिमी. वरील कडेस ही चूक अर्धा मिमी. भरते, म्हणजे छिद्रांक ५·६ वरील सर्व सवलत तिने एकटीने संपविली. मध्य रेखीव, एक कड मृदू व दुसरीही मृदू, असे चित्र दिसले की पुष्कळदा भिंगास दोष दिला जातो. वस्तुतः भिंगफलक व दुधी काच समांतर आहेत की नाहीत हे आधी तपासले पाहिजे. दोन्ही बाजूंच्या रुळांवर खोली-मापकाने घेतलेली अंतरे सारखी येईपर्यंत टेकू घट्ट करू नयेत.

अनंत शोधण्याच्या तीन पद्धती

पहिली पद्धत प्रत्यक्ष दूरच्या लक्ष्याची आहे. वर सांगितल्याप्रमाणे पुरेशा अंतरावरील रेखीव कडांची वस्तू निवडावी. दुपारी तापलेल्या हवेमुळे प्रतिमा थरथरते. म्हणून सकाळची वेळ उत्तम. रात्री चंद्र किंवा ठळक तारा घ्यावा. १५० मिमी. भिंगाने चंद्रबिंब सुमारे १·४ मिमी. व्यासाचे पडते व वर्धक भिंगातून त्याची कड चांगली दिसते. दुधी काचेचा कण मात्र सूक्ष्म निर्णयास आड येतो. यावर जुना उपाय असा की, काचेच्या खरखरीत बाजूस पेन्सिलीने एक बारीक फुली काढून तीवर कॅनडा बाल्समने सूक्ष्मदर्शकाची पातळ आवरण-काच चिकटवावी. तेवढा भाग पारदर्शक होतो आणि फुली व हवेतील प्रतिमा एकत्र दिसतात. डोळा किंचित डावी-उजवीकडे हलविला असता प्रतिमा फुलीवरून सरकली, तर दोन्ही एका प्रतलात नाहीत. स्थिर राहिली, तर केंद्रीकरण साधले. या लंबनाच्या कसोटीत ‘रेखीव वाटते’ या सापेक्ष मताला वाव उरत नाही.

दुसरी पद्धत स्वपरावर्तनाची. फिल्मच्या प्रतलात प्रकाशित जाळीची पट्टिका ठेवावी व भिंगासमोर सपाट आरसा धरावा. जाळीतून निघालेला प्रकाश भिंगातून बाहेर पडतो, आरशावर परततो आणि त्याच भिंगातून पुन्हा फिल्मच्या प्रतलाकडे येतो. जाळी नेमकी केंद्रप्रतलात असेल तरच बाहेरील किरण समांतर असतात व परतलेली प्रतिमा जाळीशेजारी रेखीव पडते. जाळी केंद्रप्रतलापासून जितकी एका बाजूस, तितकी प्रतिमा दुसऱ्या बाजूस पडते. अर्थात् चूक दुपटीने दिसते. या पद्धतीस दूरचे लक्ष्य लागत नाही, निरभ्र आकाशही लागत नाही. आरसा मात्र खरोखर सपाट हवा. किंचित वक्र आरसा अनंताच्या जागी स्वतःचेच एक अंतर दाखवील.

तिसरी पद्धत दोन उपकरणांची. अनंतावर स्थिर केलेल्या दूरदर्शकातून वा दुसऱ्या कॅमेऱ्याच्या लांब भिंगातून या कॅमेऱ्याच्या भिंगात पाहावे आणि दुधी काचेवरील प्रकाशित रेषा रेखीव दिसतात का ते पाहावे. बघणारे भिंग ५०० मिमी. चे व तपासले जाणारे १५० मिमी. चे असल्यास रुंदीच्या दिशेने वर्धन ३·३ पट व लांबीच्या दिशेने ११ पट मिळते. तपासल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यातील ०·०५ मिमी. चूक बघणाऱ्या उपकरणात ०·५६ मिमी. सरकण्याएवढी होते. मात्र दूरदर्शकाचा अनंत कोणी निश्चित केला, हा प्रश्न येथे उरतोच. त्याचे उत्तर आधी ताऱ्यावर घेतलेले असले पाहिजे.

पद्धत कोणतीही असो, एकाच निरीक्षणावर विसंबू नये. प्रतिमा दोन्ही बाजूंनी सारखीच पुसट होईल अशी स्थाने नोंदवून त्यांचा मध्य घ्यावा. दंतपट्टीतील ढिलाई टाळण्यासाठी अखेरचे फिरविणे नेहमी एकाच दिशेने असावे. आणि किमान दहा नोंदींची सरासरी काढावी. काही जुन्या भिंगांत गोलीय विपथनामुळे छिद्र लहान करताना केंद्रबिंदू सरकतो. अशा भिंगाची परीक्षा कामाच्या छिद्रावरही करावी आणि दोन स्थानांतील फरक लिहून ठेवावा.

शून्य आणि अंतराल

अनंताचे स्थान मिळाले म्हणजे मोजपट्टीचा शून्यबिंदू मिळाला. तीवरील खुणांची अंतरे मिळाली नाहीत. शून्य हा भिंगाच्या बुडापासून केंद्रप्रतलापर्यंतच्या अंतरावर अवलंबून असतो, तर खुणांमधील अंतरे केवळ केंद्रांतरावर. दूरचित्री भिंगात बूड ते फिल्म हे अंतर केंद्रांतराहून बरेच कमी असते. तरी त्याच्या खुणा मात्र केंद्रांतराच्या वर्गानुसारच पडतात. भिंगावर कोरलेले केंद्रांतर हा पूर्णांकात दिलेला नाममात्र आकडा असल्याने खरे केंद्रांतर मोजणे इष्ट. त्यासाठी अनंताची खूण करावी; नंतर वस्तू व तिची प्रतिमा तंतोतंत सारख्या आकाराची होईपर्यंत भिंग पुढे न्यावे. दोन खुणांतील अंतर म्हणजेच केंद्रांतर होय. भिंगाचे मध्यबिंदू कोठे आहेत हे यासाठी ठाऊक असण्याची गरज पडत नाही.

शून्यबिंदू चुकल्याचे परिणाम दोन दिशांना सारखे नाहीत. १५० मिमी. भिंगाचे टेकू अर्धा मिमी. पुढे राहिले, तर ‘अनंता’वर ठेवलेला कॅमेरा प्रत्यक्षात ४५ मीटरवर केंद्रित असतो, दूरचा डोंगर पुसट, पण जवळचे झाड रेखीव. टेकू तितकेच मागे राहिले, तर त्या स्थानी सृष्टीतील कोणतीच वस्तू रेखीव येत नाही. मोजपट्टीवर १० मीटरची खूण बरोबर असून शून्य अर्धा मिमी. मागे असल्यास कॅमेरा १२·८ मीटरवर पाहतो. अंतरमापकाची जोडणी यानंतर करावी: प्रथम अनंतावर दोन प्रतिमा जुळवाव्या, मग जवळच्या मोजलेल्या अंतरांवर. ग्राफ्लेक्सच्या १९५५ पासूनच्या वरच्या बाजूस बसविलेल्या अंतरमापकात प्रत्येक केंद्रांतरासाठी निराळी उत्केंद्रिका घालावी लागते, ती याच कारणासाठी.

जेथे चूक मोजली जाते

मृदू छायाचित्र हा बहुधा सौंदर्याचा प्रश्न राहतो. परंतु ज्या क्षेत्रांत छायाचित्र हेच मोजमाप आहे तेथे या शतांश मिलिमीटरांना मोल आहे. हवाई सर्वेक्षणाचा २३ × २३ सेंमी. चा कॅमेरा अनंतावर कायमचा बसविलेला असतो आणि त्याचे निश्चित केलेले केंद्रांतर प्रमाणपत्रात नोंदलेले असते. १५२ मिमी. च्या या आकड्यात ०·०५ मिमी. चूक राहिली व भूमीवरील नियंत्रणबिंदूंचा आधार नसला, तर ३,००० मीटर उंचीवरून काढलेल्या उंचीत सुमारे एक मीटरची चूक येते. कालव्याच्या उतारास एक मीटर ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

१८८७ मध्ये पॅरिस येथे ठरविलेल्या तारकानकाशाच्या आंतरराष्ट्रीय कार्यात हैदराबादच्या निजामिया वेधशाळेनेही आकाशाचा एक पट्टा घेतला होता. त्या योजनेच्या दूरदर्शकांचे प्रमाण काचपट्टिकेवर १ मिमी. ला १ कला असे होते, म्हणजे केंद्रांतर सुमारे ३·४३ मीटर. ३३ सेंमी. छिद्राच्या प्रमाणित दूरदर्शकाची विवर्तनावर आधारलेली सवलत सुमारे ०·०९ मिमी. येते, उलट पोलादी नळी दहा अंश तापमानवाढीने ०·४ मिमी. लांबते. तारा अनंतावर आहे, म्हणून केंद्रीकरण एकदाच करून भागेल, असे तेथे म्हणता येत नाही. ऋतू बदलला की अनंताचे स्थान पुन्हा शोधावे लागते.

निश्चितीचे साधनच चुकले तर काय होते, याचे उदाहरण १९९० मध्ये अवकाशात गेलेल्या हबल दूरदर्शकाने दिले. त्याच्या प्रमुख आरशाचा आकार ज्या प्रकाशकीय साधनाने तपासला गेला, त्यातील एक भिंग १·३ मिमी. चुकीच्या जागी बसले होते. आरसा त्या साधनाशी अत्यंत काटेकोरपणे जुळविला गेला आणि तितक्याच काटेकोरपणे चुकला. दुसऱ्या, साध्या साधनांनी विसंगती दाखविली होती. परंतु त्यांची ग्वाही अधिक सूक्ष्म मानल्या गेलेल्या साधनापुढे ग्राह्य धरली गेली नाही. दोष डिसेंबर १९९३ मध्ये अवकाशातच दुरुस्त करावा लागला.

प्रयोगशाळेतील ४ × ५ इंची कॅमेऱ्यास हाच धडा लागू पडतो. स्वपरावर्तनाने मिळालेला अनंत ताऱ्यावर पडताळावा, आणि ताऱ्यावर मिळालेला फिल्मवर. तिन्ही निकाल परस्परांपासून पाच शतांश मिलिमीटरांच्या आत आले म्हणजे टेकूंचे स्क्रू घट्ट करावे, आणि मोजमापाची तारीख, तापमान व धारकाचा क्रमांक नोंदवहीत लिहावा.